घरच्या घरी मऊ लूर: कोळंबीला पाय, शेपूट आणि मिशा जोडण्याची रीत

खाडीत गरवणाऱ्याला कोळंबीची महती वेगळी सांगायला नको. जिताडा असो, तांबोशी असो की गोबरा, तिवरांच्या मुळांशी दबा धरून बसलेला मासा समोरून जाणारी कोळंबी सहसा सोडत नाही. पण जिवंत कोळंबी लावायची तर ती आधी मिळवायची, बादलीत जगवायची, लांब फेकताना गळावरून निसटणार नाही हे बघायचं, आणि एवढं करून ती तळाला गेली की खेकडे कुरतडून मोकळे होतात. मऊ प्लॅस्टिकची कोळंबी, म्हणजे लूर किंवा माशाला भुलवायचं खोटं आमिष, या सगळ्यातून सोडवते. पुन्हा पुन्हा फेकता येते, पाहिजे त्या खोलीवर खेळवता येते, आणि घरी बनवली तर आपल्या खाडीतल्या कोळंबीच्या मापाची आणि रंगाची बनवता येते.

विकतच्या स्वस्त कोळंब्यांत मला एक गोष्ट खटकते. त्यांचे पाय म्हणजे पोटावर उमटवलेली नक्षी असते. पाण्यात ते हलतच नाहीत. याचं कारण साच्यात आहे. पाय खरोखर हलायचे तर ते दीड-दोन मिलिमीटर जाडीचे हवेत, आणि इतक्या बारीक खाचेत गरम प्लॅस्टिक शिरता शिरताच थंड होऊन अडकतं. दाब देऊन भरायच्या ॲल्युमिनियमच्या महाग साच्यांत ते जमतं. घरच्या उघड्या साच्यात जमत नाही. म्हणून नवशिक्याने पहिल्यापासून एकच रीत धरावी: धड वेगळं ओतायचं, पाय आणि शेपूट प्लॅस्टिकच्याच वेगळ्या पातळ पत्र्यातून कापायचे, आणि मग दोन्ही जोडायचं. यात आणखी एक फायदा आहे. धड जरा घट्ट आणि पाय अगदी मऊ, असं दोन जातींचं प्लॅस्टिक एकाच लूरमध्ये वापरता येतं. एकाच ओतकामात ते शक्य नसतं.

हे काम मुळात घरगुतीच आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ साली मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ बनवलं, पुढे ते विकायला काढलं, आणि आज जगभर जे मऊ लूर दिसतात त्यांची सुरुवात तिथे झाली.

प्लॅस्टिक कोणतं घ्यायचं

या कामाला लागतं ते प्लॅस्टिसॉल. पीव्हीसीचे अतिशय बारीक कण एका तेलकट द्रवात, म्हणजे प्लॅस्टिसायझरमध्ये, मिसळलेले असतात. बाटलीत ते दुधासारखं पांढरं, पातळ दिसतं. तापवलं की कण तो द्रव शोषून घेतात, सगळं एकजीव होतं, आणि थंड झाल्यावर रबरासारखं लवचीक बनतं. लूरसाठी म्हणून विकलं जाणारंच प्लॅस्टिसॉल ऑनलाइन मागवा. त्यात मऊ, मध्यम, घट्ट असे प्रकार असतात. पहिल्यांदा मध्यम घ्या आणि सोबत सॉफ्टनरची, म्हणजे प्लॅस्टिक आणखी मऊ करणाऱ्या द्रवाची, छोटी बाटली घ्या. थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करायला घालतात ती एक जातीची रसायनं) नसलेलं मिळत असेल तर तेच घ्यावं, कारण ही वस्तू आपण तासन् तास हातात धरतो.

टी-शर्टवर छपाईसाठीही प्लॅस्टिसॉल शाई मिळते. ती या कामाची नाही. पीव्हीसी पाइपचे तुकडे वितळवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. पाइपमध्ये मऊपणा देणारा द्रव नसतो, तापवल्यावर तो ओतण्याइतका पातळ न होता करपतो, आणि जुन्या पाइपांत शिशाची संयुगंही असू शकतात.

सगळ्यात स्वस्त सुरुवात म्हणजे फाटके लूर. गळाला फाटलेले, शेपूट तुटलेले मऊ लूर टाकून न देता रंगांप्रमाणे वेगळे करून ठेवा. ते पुन्हा वितळतात. मित्रांकडूनही गोळा करा. मात्र एक भेद ओळखायला शिका. काही लूर प्लॅस्टिसॉलचे नसून टीपीई नावाच्या दुसऱ्या रबराचे असतात. ते फार ताणले जातात, ओढले तरी तुटत नाहीत, आणि बहुधा पाण्यावर तरंगतात. हे दोन एकत्र वितळवायचे तर नाहीतच, एका डबीतही ठेवायचे नाहीत. काही दिवसांत दोघांचा मिळून चिकट लगदा होतो.

बाकी सामान: मायक्रोवेव्हमध्ये चालणारं, चोच असलेलं बोरोसिलिकेट काचेचं मोजपात्र, अन्नाचा किंवा तेलाचा डिजिटल थर्मामीटर, २०० अंशांपुढे मोजणारा, ढवळायला स्टीलचा चमचा, धारदार कटर, स्टीलची पट्टी, बारीक टोकाची कात्री, जुनी बोथट सुरी, स्पिरिटचा दिवा, प्लॅस्टर ऑफ पॅरिस, लूरचे रंग आणि उष्णता सोसणारी चमकी. लग्नपत्रिकांवरची किंवा हस्तकलेची साधी चमकी गरम प्लॅस्टिकमध्ये वाकडी होते, रंग सोडते. ढवळायला लाकडी काडी घेऊ नका. लाकडात ओल असते आणि ती बुडबुडे करते.

आधी सुरक्षितता, आणि ती मनापासून

प्लॅस्टिसॉल ओतताना ते साधारण १७० अंश सेल्सिअसला असतं. उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं. हे कातडीला चिकटून बसतं आणि भाजतच राहतं. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, फुल पँट, पायात बूट, डोळ्यांवर गॉगल आणि हातात उष्णतारोधक हातमोजे हवेतच. भाजलंच तर चिकटलेलं प्लॅस्टिक ओढून काढू नका, कातडीही सोबत येते. लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली तो भाग किमान वीस मिनिटं धरा आणि मग डॉक्टर गाठा.

पाणी हा दुसरा धोका. गरम प्लॅस्टिसॉलमध्ये पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि प्लॅस्टिक उसळून बाहेर उडतं. ओतायच्या टेबलावर पाणी ठेवू नका. भांडं, चमचा, साचा, सगळं कोरडं खडखडीत हवं. भाजल्यावर लागणारं पाणी जवळच्या मोरीत असू द्या, टेबलावर नाही.

तिसरा धोका धुराचा. १९० अंशांच्या पुढे गेलं की प्लॅस्टिसॉल पिवळं पडायला लागतं, आणखी तापलं तर करपतं, आणि पीव्हीसी करपताना हायड्रोजन क्लोराइड हा घशाला आणि फुप्फुसांना झोंबणारा वायू सुटतो. काम गच्चीवर, पडवीत, किंवा खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत करा. रसायनांच्या वाफेसाठी असतो तो कार्ट्रिजवाला मास्क वापरा. कापडी मास्कचा इथे उपयोग नाही. भांडं करपलं तर त्यावर वाकून बघू नका. मायक्रोवेव्ह बंद करा, दार बंदच ठेवा, बाहेर निघून जा, आणि निवल्यावर परत या.

या कामाचा मायक्रोवेव्ह, पात्र, चमचा आणि थर्मामीटर पुन्हा स्वयंपाकाला वापरायचे नाहीत. जुना मायक्रोवेव्ह मिळाला तर उत्तम. घरातला एकच असेल तर तो या कामाला घेऊ नका, दुसरा मिळेपर्यंत थांबा. लहान मुलं आसपास असताना ओतकाम नको.

कोळंबी नीट बघा

मॉडेल करण्याआधी बाजारातून एक अख्खी कोळंबी आणा आणि ताटात ठेवून पाहा. चालायच्या पायांच्या पाच जोड्या डोक्याच्या कवचाखाली असतात. पोटाखाली आणखी पाच जोड्या असतात, त्या चपट्या आणि आखूड. त्यांनी ती पोहते. शेवटी पंखा: मध्ये एक टोकदार भाग आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन पाकळ्या. डोक्यावर करवतीसारखा काटा आणि शरीरापेक्षा लांब मिशा.

महत्त्वाचं हे की कोळंबी निवांत असताना पोटाखालचे पाय हलवत हळूहळू पुढे जाते, पण घाबरली की पोट दुमडून झटक्यात मागे पळते. आपला लूर या दोन्हीपैकी काय करणार आहे ते आत्ताच ठरवा. गळाचा डोळा, म्हणजे दोरी बांधायचं भोक, डोक्याकडे ठेवला तर लूर पुढे पोहेल, आणि पाय शेपटीकडे झुकलेले हवेत. डोळा शेपटीकडे ठेवला तर ती पळणारी कोळंबी होईल, आणि पाय व मिशा डोक्याकडे झुकवाव्या लागतील. पाय ओढीच्या उलट बाजूला झुकलेले असले की पाण्यात सळसळत मागे वाहतात. ओढीच्या बाजूला झुकले तर अंगावर उलटे दुमडतात. जिताड्यासाठी माझी पसंती पळणाऱ्या कोळंबीला आहे. झटका, थांबा, झटका, असं खेळवलं की थांबण्याच्या क्षणी पाय पसरतात, आणि मासा बहुतेक वेळा त्याच थांबण्यात घेतो.

साचा

मॉडेलिंग क्लेचं किंवा मऊ लाकडाचं धड घडवा: नऊ सेंटिमीटर लांब, सगळ्यात जाड जागी चौदा मिलिमीटर. पाय, मिशा, पंखा काहीही नको, फक्त धड. पोटाची बाजू सपाट ठेवा. पाठीवर सहा खंडांच्या रेघा नखाने ओढल्या तरी पुरे. मासा रेघा मोजत बसत नाही. त्याला आकार आणि हालचाल दिसते.

हे मॉडेल एका उथळ प्लॅस्टिकच्या डबीच्या तळाला सपाट पोटाने चिकटवा, पाठ वर. मॉडेलला आणि डबीला व्हॅसलीनचा पातळ हात द्या. आता प्लॅस्टर: दोन वाट्या प्लॅस्टरला एक वाटी पाणी, आणि नेहमी पाण्यात प्लॅस्टर टाकायचं, प्लॅस्टरवर पाणी नाही. मिनिटभर भिजू द्या, मग बुडबुडे न होतील असं सावकाश ढवळा. मॉडेलच्या वर निदान दोन सेंटिमीटर थर येईल इतकं ओता आणि डबी टेबलावर हलकी आपटून हवा काढा. अर्ध्या-पाऊण तासात ते घट्ट होतं. साचा उलटा करून मॉडेल काढलं की वर उघडी पोटाची बाजू आणि खाली पाठ, असा खळगा मिळतो. हीच दिशा का, तर पाय जोडायची जागा आपल्यासमोर उघडी राहते.

आता घाई करू नका. साचा हाताला कोरडा लागतो त्यानंतरही त्यात पुष्कळ पाणी असतं. कडक उन्हात चार-पाच दिवस ठेवा. पावसाळ्यात हे काम काढूच नका, किंवा ओव्हनमध्ये ५०-६० अंशांवर कित्येक तास वाळवा. त्याहून जास्त तापवू नका, प्लॅस्टर भुसभुशीत होतं. वजनकाटा असेल तर रोज साचा तोला. वजन उतरायचं थांबलं की तो वाळला. मग आतून इपॉक्सीचा पातळ हात द्या आणि सुकल्यावर दुसरा. पांढरा गोंद तितक्याच पाण्यात पातळ करून दोन-तीन हात देण्याची स्वस्त पद्धतही चालते, पण असा साचा लवकर खराब होतो. आणि गोंदातलं पाणी साच्यात जातं, म्हणून तो परत दोन दिवस वाळवावा लागतो. लेप चढला की प्लॅस्टिकला चकाकी येते आणि लूर सहज सुटतो.

आधी पाय आणि शेपूट

धडाच्या आधी पातळ पत्रा ओतायचा, कारण धड गरम असताना पाय हातात तयार हवेत.

५० मिली प्लॅस्टिसॉलमध्ये दोन चहाचे चमचे सॉफ्टनर घाला. रंग दोन-तीन थेंब. मीठ आणि जाड चमकी यात मुळीच नको. बारीक पायात मिठाचा कण आला की पाय तिथूनच तुटतो. मायक्रोवेव्हमध्ये आधी ३० सेकंद, मग ढवळून १५-२० सेकंदांच्या हप्त्यांनी तापवा. पहिल्यांदा ते घट्ट होऊन गुठळ्या धरेल. बिघडलं असं वाटेल, पण हे असंच होतं. तापमान १६५-१७५ अंशांवर पोचलं की गुठळ्या विरघळतात आणि मिश्रण पुन्हा पातळ, पारदर्शक होतं. पांढुरकेपणा पूर्ण गेला नसेल तर अजून कच्चं आहे. अशा प्लॅस्टिकचे पाय चिमटीत धरताच तुटतात.

सपाट ॲल्युमिनियमच्या ट्रेला खाद्यतेलाचा अगदी पातळ हात देऊन त्यावर हे ओता आणि ट्रे तिरका करत दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा पसरू द्या. काचेवर ओतू नका, तडकू शकते. पाच-सात मिनिटांत पत्रा सोलून निघतो. कापण्याआधी दोन्ही बाजूंचं तेल टिश्यू पेपरने पुसून टाका, नाहीतर सांधे धरत नाहीत.

आता पट्टी आणि कटर घेऊन कापा. चालायच्या पायांसाठी दोन मिलिमीटर रुंद आणि साडेपाच सेंटिमीटर लांब अशा पाच पट्ट्या. पट्टी एक, पण पाय दोन: ती धडात आडवी बसते आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर बाहेर राहते. पाय एकेकटा चिकटवला तर पहिल्याच माशाला जातो. आरपार बसलेली पट्टी धड फाटल्याशिवाय निघत नाही. टोकं कात्रीने निमुळती करा.

पोहायच्या पायांसाठी चार सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद असे दोन तुकडे घ्या आणि एका कडेने दोन-दोन मिलिमीटरवर काप देत झालर करा. दुसऱ्या कडेचे तीन मिलिमीटर अखंड ठेवा. पंख्यासाठी अडीच सेंटिमीटर रुंद त्रिकोणी तुकडा घेऊन त्याच्या पाच पाकळ्या कापा, आणि देठ सात-आठ मिलिमीटरचं ठेवा. पाकळ्या कात्रीने कापण्यापेक्षा धारदार कटरने एका दाबात काढाव्यात. खरखरीत कडेतून पुढे चिरा पडतात.

धड ओतणं आणि पाय बसवणं

१०० मिली मध्यम प्लॅस्टिसॉल घ्या. यात सात-आठ धडं होतात. रंगाचे पाच ते आठ थेंब, चमकी चहाचा पाव चमचा. लवकर बुडायला हवं असेल तर अगदी बारीक केलेलं कोरडं मीठ दोन चहाचे चमचे. मिठाने वजन वाढतं आणि चवही येते, पण धड कमजोर होतं, म्हणून पहिल्या घाण्यात मिठाशिवायच करा. मिनिटभर तापवा, ढवळा, मग २०-३० सेकंदांच्या हप्त्यांनी १७० अंशांपर्यंत आणा. ढवळणं सावकाश, तळाशी धरून. झालं की अर्धा मिनिट तसंच राहू द्या, बुडबुडे वर येतात.

साच्याच्या एका टोकाकडून बारीक धारेने ओतायला सुरुवात करा आणि खळगा पाऊण भरला की थांबा. लगेच चिमट्याने पाच पट्ट्या डोक्याच्या भागावर आडव्या ठेवा, पाच-सहा मिलिमीटर अंतराने. टोकं साच्याच्या कोरड्या पृष्ठभागावर टेकू द्या आणि ठरवलेल्या दिशेला जरा झुकवा. शेवटच्या टोकाला पंख्याचं देठ आत आणि पाकळ्या बाहेर, आडव्या. आता पात्र परत २० सेकंद तापवून उरलेला पाव भाग ओता. या दुसऱ्या ओतकामाचं तापमान फार महत्त्वाचं आहे. १६५ च्या खाली असेल तर पट्ट्या नुसत्या गाडल्या जातात, वितळून एक होत नाहीत. १८० च्या वर असेल तर दीड मिलिमीटरची पट्टी विरघळून दिसेनाशी होते. बाहेरच्या पायांवर थेंब उडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडे ठेवा.

हे सगळं एका माणसाला सुरुवातीला धावपळीचं होतं. एकाने ओतावं, दुसऱ्याने पट्ट्या मांडाव्यात.

दहा मिनिटांनी धड उचलून साध्या पाण्यात सोडा, पूर्ण निवू द्या, आणि मगच पाय ओढून पाहा. हलकं ओढल्यावर पाय ताणला गेला पण मुळाशी फट पडली नाही, तर सांधा पक्का.

गरम पात्याने जोडणं

झालर आणि मिशा नंतर जोडायच्या असतात, आणि जुन्या लूरची डागडुजीही याच रीतीने होते. त्यामुळे हा हात बसवून घ्या.

बोथट सुरीचं पातं दिव्याच्या ज्योतीवर तापवा, कापडाने काजळी पुसा. जोडायचे दोन्ही भाग कोरडे आणि तेल नसलेले हवेत. पातं दोघांच्या मध्ये धरून दोन्ही पृष्ठभाग त्याला एकदम टेकवा. सेकंद-दीड सेकंदात चकाकी येते. पातं सरकवून बाहेर काढा, त्याच क्षणी दोन्ही भाग एकमेकांवर दाबा, वीसेक सेकंद हलवू नका. धूर दिसला तर पातं जास्त तापलंय. करपलेला सांधा वरून छान दिसतो पण आतून ठिसूळ असतो, तो कापून पुन्हा करा. सोल्डरिंग आयर्ननेही हे काम होतं, फक्त त्याचं टोक फार तापतं, म्हणून स्पर्श निमिषाचा हवा.

झालर पोटाच्या मधोमध लावू नका. मधून गळ बाहेर येणार आहे. मधली पाच-सहा मिलिमीटर पट्टी मोकळी सोडून दोन्ही अंगांना एक-एक झालर जोडा.

सुपरग्लूबद्दल पुष्कळ जण विचारतात. साधा सुपरग्लू वाळल्यावर कडक होतो. जिथे भाग हलत नाही तिथे, म्हणजे डोळे बसवायला किंवा गळावर डोकं घट्ट करायला, तो उत्तम. जिथून शेपूट किंवा पाय वळायचा असतो तिथे लावला तर तिथेच चीर पडते. लवचीक प्रकारचा, मऊ लूरसाठीचा मिळाला तर तात्पुरत्या दुरुस्तीला तो बोटीत जवळ ठेवा.

मिशांना सिलिकॉनचे धागे घ्या, जिगच्या (डोक्याशी वजन असलेल्या गळाच्या) झालरीला असतात ते. सिलिकॉन प्लॅस्टिसॉलला वितळून चिकटत नाही, म्हणून ते ओवायचे: जाड सुईत धागा घालून डोक्यातून आरपार काढा, मध्ये एक गाठ मारून ती डोक्यात ओढून घ्या. डोळ्यांसाठी जाड नायलॉनचा दोन सेंटिमीटर तुकडा घेऊन टोक ज्योतीजवळ न्या. ते वितळून गोळी होते. तिला काळं रंगवा आणि दुसरं टोक थेंबभर ग्लू लावून डोक्यात खुपसा. डोळे बाहेर आलेले हवेत, कोळंबीची ओळख त्यांनीच पटते.

शेपूट वेगळी, हालचाल वेगळी

हीच रीत माशाच्या आकाराच्या लूरला लावली की शेपटीचे प्रकार हाताशी येतात. कोळंबीचा पंखा आडवा असतो. माशाच्या लूरला पॅडल शेपूट लावायची तर ती चकती धडाला काटकोनात, पाण्याला सामोरी उभी राहायला हवी. तिच्यावर पाणी आदळतं आणि ती डावी-उजवी आपटत जाते. चकती १२ ते १५ मिलिमीटरची, चामड्याला भोक पाडायच्या पंचने काढलेली चालते. खरी कमाल चकतीत नसून धड आणि चकती यांच्यामधल्या मानेत आहे. मान जाड असली तर चकती कितीही मोठी असो, शेपूट ढिम्म राहते. तीन-चार मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि बादलीत पाहून कात्रीने बारीक करत जा. कापलेलं परत येत नाही, म्हणून थोडं थोडं.

वळलेली शेपूट हवी असेल तर पत्र्यातून कोयरीच्या आकाराचा तुकडा कापा आणि बाहेरची कड गरम पात्याने जरा जाड करा. ही शेपूट अगदी सावकाश ओढलं तरी चालते, त्यामुळे गढूळ पाण्यात, जिथे मासा नजरेपेक्षा पाण्याच्या कंपावर शोधतो, तिथे मी तिलाच पुढे करीन.

तळ्यात मरळ गरवणाऱ्यांनी बेडूक करावा. धड आखूड आणि रुंद, त्यात दोन्ही तंगड्यांची एकच अखंड पट्टी आडवी गाडायची, आणि तंगड्यांच्या टोकांना छोट्या पॅडल चकत्या जोडायच्या. मरळ गवतातून वर येऊन जोरात चावते, म्हणून इथे सांध्याला दुप्पट जागा द्या. धडात मीठ नको आणि गळ हलका घ्या, म्हणजे ओढत ठेवलं की लूर पृष्ठभागावर राहतो.

पाण्यात पाहणी

गळ लावल्याशिवाय केलेली पाहणी फसवी असते. वजन बसलं की लूरचा तोल बदलतो. खाडीसाठी रुंद वाकाचा ऑफसेट गळ (डोळ्याजवळ दांडा वाकवलेला) घ्या, टोक पाठीच्या कातडीत जरासं लपवा, म्हणजे तिवरांच्या मुळांत अडकत नाही. वजन गळाच्या दांड्यावर, पोटाच्या मध्यावर असेल तर कोळंबी आडवी बुडते. नाकावर असेल तर डोकं खाली घालून सुळकन जाते.

मोठा टब किंवा विहिरीचा कठडा पुरे. लूर एका कुशीवर कलंडत असेल तर आधी गळ मध्यावर आहे का पाहा. तो बरोबर असेल तर एका बाजूचे पाय जाड किंवा लांब आहेत, कात्रीने सारखे करा. गरगर फिरत असेल तर पंखा तिरका जोडला गेला आहे. पाय अंगाला चिकटून राहत असतील तर दिशा चुकली आहे किंवा ते जास्तच मऊ झाले आहेत. पुढच्या पत्र्यात सॉफ्टनर निम्मा करा. धड पाण्यात घातल्यावर एका बाजूला उचललं जात असेल तर आत हवेचा बुडबुडा आहे. असा लूर परत वितळवायच्या डबीत टाका, दुरुस्तीत वेळ घालवू नका.

रंगाबाबत नवशिके फार गोंधळतात. पावसाळ्यानंतरच्या लाल, गढूळ पाण्यात काळसर किंवा भडक पिवळट-हिरवा, आणि पाणी निवळलं की पारदर्शक तपकिरी-हिरवट आणि बारीक काळे ठिपके. सुरुवातीला हे तीन पुरेत. पाय धडापेक्षा फिके ठेवा.

ठेवणं आणि जपणं

गडद आणि फिके लूर एका पिशवीत ठेवले की रंग एकमेकांत उतरतो. कडक, पारदर्शक, स्वस्त डब्यांना प्लॅस्टिसायझर खातो आणि डबा चिकट होतो. पॉलिप्रॉपिलीनचे डबे किंवा झिपच्या पिशव्या वापरा. आत एखादा थेंब तेल टाका, म्हणजे पाय एकमेकांना चिकटत नाहीत. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका.

लूर नेहमी सपाट ठेवा. पाय किंवा पंखा दुमडून राहिला तर तो तसाच बसतो आणि पाण्यात चालत नाही. तसं झालंच तर नुकतं उकळलेलं पाणी भांड्यात घ्या, लूर डोक्याने चिमट्यात धरून अर्धा मिनिट बुडवा, वाकडा भाग सरळ होताना दिसेल. लगेच थंड पाण्यात टाका, सपाट ताटलीत पसरा, आणि पूर्ण वाळल्यावरच पिशवीत भरा.